टाकीतली फौज

तीस वर्षं सांडपाणी केंद्रातून येणाऱ्या नवऱ्याला आंघोळीशिवाय उंबरा ओलांडू न देणारी बाई दवाखान्यात दंड उघडा करून बसली होती. न्यूमोनियातून दोनदा वाचली होती. तिसऱ्यांदाची हमी डॉक्टर देत नव्हते. संशोधक लेकीने दारात थांबलेल्या वडिलांना दिसेल अशी लशीची कुपी उजेडात धरली. “बाबा, तुमच्याच टाकीतला विषाणू. जंतूंना खाणारा. त्याच्या अंगावर न्यूमोनियाच्या जंतूची खूण डकवलीय. ती बघून शरीर शत्रू ओळखायला शिकेल.” “किती आहेत यात?” ड्यूटीवरून आलेल्या नवऱ्याने दारातूनच विचारलं. “अब्जावधी.” तो बघतच राहिला. जन्मभर ढवळलेल्या काळ्या पाण्यात एवढी फौज राहत होती, आणि कधी साधा नमस्कारही नाही! बायकोने कुपीकडे बोट दाखवलं, “याला आंघोळ घातलीस ना?” “तीनदा, आई.” सुई टोचताच बायको खेकसली, “उभे काय राहिलात? हात धरा.” “माझी आंघोळ...” “राहू द्या. अख्खी टाकीच अंगात घेतलीय आता!”