कडेचा टवका

"सगळी नव्यासारखी केलीत, मग हा टवका कुणासाठी ठेवलात?" गिटार न्यायला आलेल्या बहीण-भावांपैकी भाऊ माझ्या टेबलावर हात आपटून ओरडला. "उद्या बाबांच्या फोटोखाली लावायचीय ती. चार माणसं बघणार!"

साठ वर्षांची, अर्धी पोकळ, अर्धी भरीव इलेक्ट्रिक गिटार. तीन महिने मी तिच्यामागे लागलो होतो. कुजलेल्या वायरी बदलल्या, मानेला आलेला बाक काढला, काळवंडलेलं पॉलिश उजळलं. फक्त कडेचा तो टवका भरला नाही.

"तुमच्या बहिणीनेच फोन करून नको म्हणून सांगितलं."

"तिला काय कळतं त्यातलं? स्टँडवरून पडली होती. विषय संपला."

माझंही डोकं फिरलं. "चाळीस वर्षं हेच करतोय मी. पडलेली गिटार बुडावर नाहीतर डोक्यावर आपटते. ही कुणीतरी मान धरून हाणलीय."

"तोंड सांभाळून बोला! बाबांनी जन्मात कुणावर साधा आवाज चढवला नाही, कुणालाही विचारा. आणि हाणतील कशावर?"

बहीण दाराशी उभी होती. ती तरातरा पुढे आली. तिने कपाळावरचे केस मागे सारले, टेबलावर वाकली आणि भुवईवरचा जुना व्रण त्या टवक्यात टेकवला.

"यावर, दादा."

तंतोतंत बसला होता.