तीस किलोचं रीळ

मावशी दुकानाची पायरी चढली तशी दुकानदाराच्या हातातलं मासे धरायच्या तंगुसाच्या दोरीचं रीळ सुटलं आणि गडगडत थेट तिच्या चपलेला जाऊन टेकलं. तिने ते उचललं. वरची चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून वाचली. "सहा किलो," ती म्हणाली, आणि रीळ काउंटरवर ठेवलं.

वर्षभर तो या बाईला टाळत होता. ती रस्त्यात दिसली की तो गल्ली बदलायचा.

गेल्या वर्षी तिचा थोरला याच जागी उभा राहून दहा किलोचा ताण सोसणारी दोरी मागत होता. "नदीला ओढ असते रे, दहाने काय होतंय?" असं म्हणून दुकानदाराने तीस किलोचं महागडं रीळ त्याच्या गळ्यात मारलं. आठव्या दिवशी पोरगा बुडाला. दोरी मनगटाला गुंडाळलेली होती, एवढंच दुकानदाराच्या कानावर आलं. बाकीचं त्याने मनाशी जुळवलं. वाहत आलेला ओंडका, त्यात रुतलेला गळ, आणि काही केल्या न तुटणारी दोरी. दहाची असती तर तटकन तुटली असती.

तेव्हापासून नवीन आलेली प्रत्येक दोरी तो छताला टांगलेल्या वजनकाट्याला बांधून ताणून बघायचा. गाठीपाशी ती किती किलोला तुटते ते रिळावर लिहायचा. सहाच्या वरचं काही विकायचा नाही.

"याच्याकडून घेऊ नका हो बाई," बाकावरचा निवृत्त पोस्टमन म्हणाला. तो या भागात नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. "याची दोरी हल्ली मासा शिंकला तरी तुटते." आणि स्वतःच खो-खो हसला.

मावशीने तिकडे पाहिलं नाही. "नदीवर जायचं तर काय काय लागतं रे?"

"कोणासाठी?"

"धाकट्यासाठी. ऐकत नाही. भाऊ बसायचा त्याच खडकावर जाऊन बसतो."

दुकानदार फळीकडे वळला. तो सामान मांडू लागला. काठावर झाडी आहे म्हणून आखूड काठी. गोल शिसं प्रवाहात गडगडतं म्हणून चपटं शिसं. मग गळ. गळ उचलताना त्याचं टोक बोटात घुसलं. शेवटी त्याने सहाचं रीळ पुढे सरकवलं.

"हीच न्या मावशी. अडकली की तुटते. माणसाला ओढत नाही."

 मावशी त्याच्याकडे बघत होती.

"थोरल्याने कुठली नेली होती?"

खोटं बोलणं सोपं होतं. ओठांवर सहा आलंही होतं.

"तीसची," तो म्हणाला. "त्याला दहाचीच हवी होती. मी दिली, मावशी. मीच."

पोस्टमनने पाय आखडून घेतले.

"आहे ती अजून?"

तो वाकला. काउंटरखाली, मागे ढकललेल्या खोक्यात एक रीळ होतं. मावशी ते आता तोंडावर फेकून मारील म्हणून त्याने डोळे बारीक करूनच समोर धरलं. मावशीने हातभर दोरी उलगडली, स्वतःच्या मनगटाला दोन वेढे दिले आणि हिसका मारला. कातडी पांढरी पडली. दोरी जशीच्या तशी होती.

"तो शेवाळावरून घसरला," ती दोरीकडे बघत म्हणाली. "पलीकडच्या काठावरच्यांनी बघितलं. काठी कपारीत अडकून राहिली. त्याच पुरात खालच्या अंगाला आणखी दोघं वाहून गेले. त्यांच्या घरचे अजून रोज पुलावर येऊन पाण्याकडे बघतात."

तिने मनगटावरचे वेढे सावकाश सोडवले.

"हीच दे. तुटली नाही, म्हणून थोरला घरी तरी आणता आला."