उरलेलं कापड

"चोर आहे ती, चोर! आज माझं उरलेलं कापड घेतल्याशिवाय परत येऊ नकोस," असं बजावूनच सासूनं अफ्रियेला शिंपिणीकडे पिटाळलं होतं. तिनं निरोप जसाच्या तसा सांगितला. आता शिंपीण आँटी दुफी ओठांत टाचण्या धरून तिच्याकडे नुसती बघत उभी होती.

टाचण्या काढून दुफी म्हणाली, "घेतल्याशिवाय परत येऊ नकोस? असं म्हणाली?"

"अगदी असंच."

"बरं."

हे भांडण साऱ्या एजुरा गावाला पाठ होतं. सासू, म्हणजे मामे बिरागो (मामे म्हणजे आई), सहा वार कापड शिवायला टाकायची. कपडे नेताना उरलेला तुकडा मागायची. दुफी म्हणायची, काही उरलंच नाही. की झालं, भर बाजारात मामेच्या तोंडाचा पट्टा सुरू! सोळा वर्षं हाच तमाशा. तुकडे ढापणाऱ्या शिंपिणी गावात काय कमी होत्या? पण बाकीच्या बायका दोनदा फसल्या की शिंपीण बदलत. मामे मात्र नवं कापड आलं की पुन्हा दुफीच्याच दारात. अफ्रियेला लग्न होऊन आल्यापासून याचं नवल वाटायचं. एकदा तिनं विचारलंही होतं. "तिचं फिटिंग चांगलं असतं," एवढंच उत्तर मिळालं.

आज मात्र तिचं चित्त भांडणात नव्हतं. येत्या मंगळवारी कुमासीच्या इस्पितळात तिचा डावा स्तन काढायचा होता. गाठ कॅन्सरची निघाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वेळेत आलीस, आधी ऑपरेशन करू, मग औषधं. अफ्रियेनं मान डोलावली आणि मनात ठरवून टाकलं, जायचं नाही. घरात कुणाला पत्ता नव्हता. नवरा ओबुआसीच्या खाणीवर, महिन्यातून एकदा यायचा. कापून घेतलेल्या दोनच बायका तिला ठाऊक होत्या, तिची मावशी आणि शाळेतल्या एक बाई. दोघी वर्षाच्या आत गेल्या. कापून जगलेली एक तरी बाई कुणी दाखवावी! मरायचंच तर सगळ्या अंगानिशी मरू, असं तिला वाटे. आणि मग दोन्ही मुलींची तोंडं डोळ्यांपुढे आली की रडू फुटे.

"आलीच आहेस तर तुझंही माप घेऊन ठेवते," दुफी म्हणाली. "हात वर कर."

उजवा हात वर गेला. डावा खांद्याशीच अडला. गाठीचा तुकडा तपासायला काढला होता, ती जागा अजून ठणकत होती.

दुफीनं टेप गुंडाळून ठेवली. मशीनमागच्या पेटीतून वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं काढलं आणि अफ्रियेच्या हातात दिलं.

"घे. सासूला सांग, या खेपेला दिलं."

सोळा वर्षांत पहिल्यांदा! अफ्रिये चकित झाली. त्यात पुडकं जड. कापडाला असं वजन नसतं. कसाव्याच्या वाफ्यांपर्यंत तिनं कसाबसा धीर धरला, मग राहवेना. कागद सोडला. कापड मामेचंच होतं, निळ्यावर पांढऱ्या गोगलगायी. पण त्याची पिशवी शिवली होती. गोल, एका अंगानं सपाट, आत बाजरी. टाचण्या खोचायची उशी म्हणावी तर एवढी मोठी? पोरांचं खेळणं? तिनं ती तळहातावर तोलली. दाणे हळूच सरकले आणि पिशवी हातात बसली. वजन ओळखीचं वाटत होतं, पण कशाचं ते आठवेना.

मामे त्याच गोगलगायींच्या कापडाचं नवं पोलकं घालून अंगणात उखळापाशी बसली होती.

"दिलं का चोरटीनं?"

"दिलं. पण हे आहे काय, मामे?"

मामेनं उठून अंगणाचं दार लावलं. मग गळ्यातून पोलक्यात हात घातला आणि डावीकडून तशीच एक पिशवी काढली. ती पिवळ्या कापडाची होती, गेल्या नाताळात शिवलेल्या कपड्यांच्या. विटलेली, घासलेली. ती तिनं अफ्रियेच्या मांडीवर ठेवली, निळी तिच्या जागी बसवली आणि पोलकं सारखं केलं. दोन्ही बाजू नेहमीसारख्याच दिसत होत्या.

अफ्रियेच्या मांडीवरची पिशवी अजून ऊबदार होती.

"कापून घेऊन सोळा वर्षं झाली," मामे म्हणाली. "गळ्यातून डोकावलीच तर कापड त्याच पोलक्याचं दिसायला हवं. म्हणून दर खेपेला गुपचूप नवी. आज मुद्दाम तुझ्या हाती मागवली."

"पण तुम्हाला माझं कसं..."

"पंधरा दिवस तुझा डावा हात मुसळ वर नेत नाही. मी काय आंधळी आहे? तुझी मावशी गाठ घेऊन दोन वर्षं गप्प बसली होती गं. तू नाही बसायचंस. कधी बोलावलंय?"

"मंगळवारी." आणि मग अफ्रिये ढसाढसा रडली. मामेनं तिला रडू दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मी येणार बरोबर. पोरींना माझी बहीण बघेल."

बऱ्याच वेळानं अफ्रियेनं डोळे पुसले. पिवळी पिशवी तिच्या हातातच होती.

"मग ते बाजारातलं भांडण, मामे?"

"अगं, उरलेलं कापड न मागणारी बाई पाहिलीस का कधी या गावात? गप्प राहिले असते तर लोकांनी विचारलं असतं, तुकडे जातात कुठे." मामेनं मुसळ स्वतःकडे ओढलं. "तुझा आवाज फार मऊ आहे. बरी होऊन आलीस की तुलाही शिकवते तिला चोर म्हणायला."