गळ्यावरचा वस्तरा

"काका, लगेच उठायचं नाही," डायलिसिस संपलं की टेक्निशियन अल्ताफ दर वेळी बजावायचा. उभं राहिलं की सोपानकाकांचं बीपी धाडकन उतरायचं. एकदा स्वतःच्या सलूनमध्ये, हातात वस्तरा असतानाच त्यांना घेरी आली आणि गिऱ्हाईक फिरकेनासं झालं.

अल्ताफने शिकवलं होतं, आधी पोटऱ्या आवळायच्या, मग सावकाश उठायचं. काकांनी सहा महिने हा नेम मोडला नाही.

आज सुट्टी काढून अल्ताफच सलूनमध्ये आला आणि खुर्चीत मान मागे टाकून बसला. वस्तरा त्याच्या गळ्यावरून सरसर फिरला. काकांचे पाय जराही लटपटले नाहीत.

"पुरे काका, तुम्ही बसा आता," म्हणत अल्ताफ उठू लागला.

काकांनी त्याचा खांदा दाबला. "लगेच उठायचं नाही. अजून मिशी कोरायची राहिलीय."