वितळलेल्या बर्फाची हमी

"इथे सही करा, अम्मा," सुयंबुलिंगम म्हणाला. तो पवनचक्क्यांच्या कंपनीचा माणूस. करार त्याने टेबलावर तळहाताने दाबून धरला होता, कारण आडी म्हणजे आषाढ महिन्यातला वारा बर्फाच्या कारखान्यात खिडकीतून सरळ आत येत होता. "वीज बोर्डाचं युनिट साडेसात रुपयांना पडतं, आमचं पाचला. बाहेर बघा, एक तरी पातं थांबलंय का?"

इसक्कीअम्माळने बाहेर पाहिलं. कारखाना तिचा होता. किनाऱ्यावरच्या चाळीस होड्या तिच्याकडून बर्फ नेत. एक दिवस बर्फ मिळाला नाही, तर त्या शेजारच्या बंदराला जातील आणि पुन्हा इकडे फिरकणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

"आज फिरतंय, तंबी. कार्तिकात वारा पडला की काय करता?"

"कार्तिकात तुम्ही वीज बोर्डाकडून घ्यायची, पूर्ण दराने," बाकावर बसलेला तिचा जावई तंगदुरै म्हणाला. तो जवळच्या अणुवीज केंद्रात फिटर होता. "अत्तै, आहात तिथेच राहा. आमची वीज बोर्डालाच जाते. ती वाऱ्याची वाट बघत नाही."

"केंद्र बांधायला किती वर्षं गेली तेही सांगा की, माप्पिळ्ळै," सुयंबुलिंगम जावयाकडे बघून हसला. "तो खर्च कुणाच्या बिलात घातलाय?"

इसक्कीअम्माळ जावयाकडे वळली. "मागच्या वर्षी दोन महिने तुमचं यंत्र बंद होतं. तुम्ही जेवायलासुद्धा घरी येत नव्हता, लेक सांगत होती."

"इंधन बदलायचं होतं, अत्तै. ते आधी सांगून बंद ठेवतात."

"बरं. मग मीही मासळीला सांगून ठेवते, तेवढे दिवस सडू नको म्हणून."

तिने करार ओढून घेतला आणि पालथा घातला. मागची बाजू कोरी होती.

"इथे लिहा. 'वीज गेली, बर्फ वितळला, तर त्या दिवसाची मासळी मी भरून देईन.' दोघांपैकी कुणीही सही करा. त्याचं मी ऐकते."

तंगदुरैने हात मागे घेतले. "मी साधा फिटर, अत्तै. माझ्या सहीवर फाटकातून सायकलसुद्धा बाहेर सोडत नाहीत."

तिने कागद सुयंबुलिंगमपुढे सरकवला. त्याच्या हातातलं पेन उघडंच होतं.

"आडी चालू आहे ना, अम्मा," तो हळूच म्हणाला. "या महिन्यात नव्या कामाची सही कुणी करत नाही."

इसक्कीअम्माळने कागद पुन्हा सुलटा केला. तिच्या सहीच्या जागी त्याने पेन्सिलीने फुली करून आणली होती. तिने फुलीवर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिली.