दोन सारखी पानं

“तांबोळी, आउटपुट कुठंय?”

परगावच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायला आलेल्या दाभाडे सरांनी तिचं जर्नल पुन्हा चाळलं. एका पानावर प्रोग्रॅम, दुसऱ्यावर तो चालवल्यावर छापून येणारं आउटपुट हवं. इथं दोन्हींवर तोच प्रोग्रॅम, ओळ न् ओळ सारखी.

“हेच आहे, सर. हा प्रोग्रॅम स्वतःलाच छापतो.”

“मला बनवता? एकच पान दोनदा जोडलंय!” सरांनी एक पान टराटरा फाडून तुकडे टोपलीत टाकले. “चालवून दाखवा, नाहीतर नापास.”

तिनं तो चालवला. प्रिंटरमधून पान आलं. सरांनी ते जर्नलमधल्या पानाला लावून पाहिलं, उजेडात धरलं, मग टोपलीतले तुकडे वेचून जुळवले. तिन्ही पानं सारखीच. सर पार चक्रावले.

“मी मघाशी नेमकं काय फाडलं? प्रोग्रॅम की आउटपुट?”

“आता मलाही नाही सांगता येणार, सर.”

सरांनी पेन उघडलं. या पानावर नेलं, त्या पानावर नेलं, थबकले. “मग सही कुठल्यावर करू?”

“कुठल्याही पानावर करा, सर. सही तेवढी प्रोग्रॅमला छापता येत नाही.”