मापाचे बूट

"विधवेचं एकुलतं एक पोर आहे, त्याला सक्तीच्या भरतीतून सूट द्या," म्हणत मावशीने साहेबाच्या दाराचा उंबरा झिजवला होता. "देशसेवेला कसली सूट मागता, बाई?" म्हणून साहेबाने अर्ज भिरकावला. तिचा लेक सरहद्दीवर गेला, तो परतलाच नाही.

मावशी छावणीच्या भांडारात नव्या पोरांना बूट वाटायची. यंदा रांगेत साहेबाचाच मुलगा उभा दिसला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने नऊ नंबर सांगितला. तिने आठ नंबरचा जोड त्याच्या पुढ्यात आपटला.

"मावशी, हे चावतायत."

"चावू देत. साहेबाचा मुलगा म्हणून वेगळे मिळायचे नाहीत."

पंधरा दिवसांच्या कवायतीत पोराचे दोन्ही पाय चिघळले. डॉक्टरांनी 'सेवेस अपात्र' असा शेरा मारून त्याला कायमचं घरी धाडलं. त्याला न्यायला आलेला साहेब भांडारापाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या बुटांनी वाचवलं हो पोराला."



स्वतःच्या लेकाला मात्र तिने वीस जोड चाळून, अगदी मापाचे बूट निवडून दिले होते.